मालकांची मच्छरदाणी

राहुरीहून शिर्डीला जाणाऱ्या काळ्यापिवळ्या जीपमध्ये दहा माणसं बसल्याशिवाय चालक चावी फिरवत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्या मालकांनाही माहीत होतं. म्हणून तर त्या दिवशी ते जीपपासून चार हात लांब, कडुनिंबाखाली उभे होते. आत नऊ जण बसलेले. त्यांना शिर्डीला जायचं होतं, मालकांना शिर्डीला जायचं होतं, आणि चालकाला तर जायचंच होतं. एकाने पाय उचलून आत टाकला की सगळ्यांचं काम होणार होतं. पण तो पाय मालकांनी उचलला तर चालकाचा फायदा होणार, आणि तोही मालकांच्या जिवावर. ते उभेच राहिले. आतल्या नऊ जणांनी आधी हाका मारल्या, मग विनवण्या केल्या, मग मालकांच्या खानदानाची चौकशी केली. पाऊण तासाने एक बाई पिशवी सावरत आली, आत बसली, आणि जीप धूळ उडवत निघून गेली. मालक घरी आले ते प्रसन्न चेहऱ्याने. जीपवाल्याला कसा पाऊण तास उन्हात तळला, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. आपण शिर्डीला गेलो नाही, हा तपशील त्यांच्या दृष्टीने किरकोळ होता.

मी त्यांचा भाडेकरू. साडेतीन वर्षं राहिलो. हातात शेतकीची पदवी होती, नोकरी नव्हती, आणि मधमाश्यांच्या चाळीस पेट्या घेऊन गावोगाव फिरायचा धंदा मी नुकताच सुरू केला होता. राहुरीच्या बाहेर, मुळेच्या कालव्याला लागून मालकांचं घर, मागे शेत आणि घराच्या कडेला माझी खोली. खोली मला त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी दिली. मालकांच्या हातात असतं तर ती आजही रिकामी असती. मालक साठीच्या पुढचे, उंच, वैशाखातसुद्धा कानाला मफलर. मला त्यांनी नावाने कधीच हाक मारली नाही. मी शिकलेला, म्हणून माझं नाव ‘कॉलेज’.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता: “यात तुझं काय?” त्यांच्या भल्याची कुठलीही गोष्ट सुचवली की हा प्रश्न यायचा. मी म्हटलं, खोलीला माझ्या खर्चाने चुना मारून घेतो. यात तुझं काय? मी म्हटलं, मला स्वच्छ खोलीत राहायला मिळेल. झालं, चुना रद्द. समोरच्याला काहीतरी मिळतंय म्हणजे ते आपल्याच खिशातून जात असणार, यावर त्यांची श्रद्धा होती आणि ती कशानेही ढळत नसे. आठवडे बाजारात भाजीवाली हसून बोलली की हे पिशवी झटकून पुढे. तिथल्या बायकांनी हे चांगलं ओळखलं होतं. मालक दिसले की त्या कपाळाला हात लावून बसत, आज काहीच सुटलं नाही म्हणत, आणि इतरांना देतात त्याच भावात त्यांना गवार देत. मालक त्या गवारीची चव आठवडाभर घोळवत.

त्यांचा स्वभाव असा का झाला, याचा शोध मी पहिल्या वर्षी बराच घेतला. कुणीतरी लहानपणी फसवलं असेल, भाऊबंदकी झाली असेल, असं काहीतरी सापडेल असं वाटायचं. त्यांचे धाकटे भाऊ श्रीरामपूरला असतात. ते एकदा आले होते, त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, “ह्यो जल्मापास्नं आसाच हाय. त्याच्याकडं पतंग हुता, माझ्याकडं मांजा हुता. संक्रांत तशीच गेली.” त्यानंतर मी शोध थांबवला.

काकू बरोब्बर उलट्या. त्या बोलायच्या कमी आणि द्यायच्या फार. त्यांची सगळ्यात मोठी कमाई म्हणजे कांद्याचं बी. दरवर्षी दिवाळीच्या आधी त्या कांदे साठवायच्या हवेशीर चाळीत बसायच्या आणि ढिगातला एकेक कांदा हातात घेऊन बघायच्या. गोल, बारीक मानेचा, तांबूस आणि दाबला तर घट्ट लागणारा असला तरच तो बियाण्याच्या टोपलीत. मग विळ्याने वरचा शेंडा कापून बघायचा, आत एकच डोळा हवा. दोन निघाले की तो कांदा स्वयंपाकघरात. वीसेक वर्षं ही निवड चालली होती. त्या निवडक कांद्यांना जे फुलांचे गोंडे येत, त्यांचं बी काकू मागेल त्याला ओंजळीने देत. आसपासच्या डझनभर घरांत काकूंचंच बी होतं. शेजारच्या तात्यांचं अख्खं शेत त्यावर. मालक हे सगळं पाहायचे आणि तोंड फिरवायचे. काकू दिल्याच्या बदल्यात काही घेत नसत, त्यामुळे मालकांना प्रश्न विचारायला जागाच राहत नसे.

माझ्या दुसऱ्या वर्षी, कार्तिकात, काकू गेल्या. तापातच त्यांनी त्या वर्षीचे कांदे निवडून ठेवले होते, आणि नंतर आठ दिवसांत संपलं. दहावं-तेरावं झाल्यावर मालकांनी ते कांदे घराला लागून असलेल्या तीन गुंठ्यांत स्वतः लावले. गडी लावला नाही, मला हात लावू दिला नाही. कांद्याचं बी वर्षाच्या वर उगवत नाही. एखाद्या वर्षी ते धरलं नाही तर तो वाण गेलाच म्हणायचा. आणि हे तर काकूंच्या हातच्या निवडीचं शेवटचं. रोज सकाळी चहाचा कप घेऊन मालक त्या तीन गुंठ्यांच्या कडेला जाऊन उभे राहायचे, तेव्हा मला सगळं कळत होतं.

जानेवारीत गोंडे उमलले. पांढरी फुलं, पण त्यांच्यावर माशी नाही. सगळीकडे फवारण्या, रानातल्या माश्या उरल्यात कुठे? माशी फिरली नाही तर गोंड्यात बी भरत नाही, नुसती पोचट फोलपटं निघतात. आणि माझ्याकडे चाळीस पेट्या, ज्यांना त्याच पंधरवड्यात फुलं हवी होती. इतकं सरळ काम मी आयुष्यात दुसरं पाहिलं नव्हतं.

मी मालकांना म्हटलं, माझ्या पेट्या इथे ठेवतो, बी चांगलं भरेल.

“आन यात तुझं काय?”

मी खरं बोललो, हीच चूक. म्हटलं, माश्यांना खायला मिळेल, थोडा मध होईल.

“म्हंजे माझ्या वावरातला मध तू नेनार.”

“तो नाहीतरी फुलातच वाळून जातो, मालक.”

“वाळू दे. वावर माझं हाय.”

दुसऱ्या दिवशी मी जागेचं भाडं देतो म्हणालो. पैसे देतोय म्हणजे यात बराच माल असणार, असा निष्कर्ष निघाला. तिसऱ्या दिवशी बाजू बदलली. इतर शेतकरी पेट्यांचं भाडं मला देतात तसं तुम्ही द्या, म्हटलं. त्यावर, “माझ्याच रानात तुझी जनावरं चरनार आन चराई मीच भरू व्हय?” शेवटी मी सगळा मध त्यांना देऊ केला. यावर त्यांनी दोन दिवस विचार केला आणि मग मला बोलावून सांगितलं, की मध पण मलाच देणार तर तू जगणार कशावर, तू काहीतरी लपवतोयस. दोन माणसांच्या व्यवहारात जितक्या दिशा असतात तितक्या मी संपवल्या होत्या. त्याच महिन्यात नगरला एका हॉटेलात आम्हा तरुण उद्योजकांचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं होतं. जेवण आणि फाईलसकट. समोरच्याला त्याचा फायदा दाखवा, तो आपोआप तयार होतो, असं तिथल्या सरांनी पडद्यावर दाखवलं होतं. मला ते सर एकदा मालकांकडे आणायचे होते.

मग मी जे सुचलं ते केलं. वीस पेट्या तात्यांच्या बांधावर ठेवल्या, काकू नाहीत म्हणून त्या वर्षी त्यांनीही काकूंच्याच कांद्याचं बी धरलं होतं, आणि उरलेल्या वीस कालव्यापलीकडे, जिथे एका शेतकऱ्याने त्या वर्षी पांढऱ्या कांद्याचं बी धरलं होतं. तात्या खूश, तो शेतकरी खूश, मी खूश. माशीला बांध कळत नाही, त्यामुळे मालकांचंही काम परस्पर होईल, असा माझा डाव होता. दुसऱ्याच सकाळी माश्या तीन गुंठ्यांत घुमायला लागल्या. मालक माझ्या दारात आले आणि म्हणाले, तुझी माशी आवर. मी हात वर केले. त्यांना वाटलं असणार की मी मनातून हसतोय. मी हसतच होतो.

ते तडक एसटीने नगरच्या कापड बाजारात गेले आणि मच्छरदाणीच्या कापडाचं ठाण घेऊन आले. दोन दिवस शिंप्याकडे बसून त्यांनी ते जोडून घेतलं, बांबू रोवले आणि तीनच्या तीन गुंठ्यांना मच्छरदाणी घातली. खालून मातीची भर, कुठे फट नाही. लोक रस्त्यावर थांबून बघायला लागले. तात्यांनी कांद्याला डास चावतात का, असं विचारून घेतलं. मालक जाळीखालची माती दाबत राहिले. माझ्या माश्या बाहेरून जाळीवर बसायच्या आणि मालक आतून त्यांच्याकडे बघायचे.

पण माशी अडवली की बी कसं भरणार? ते काम मालकांनी स्वतःकडे घेतलं. रोज सकाळी नऊच्या सुमाराला, दव वाळलं की ते मच्छरदाणीत शिरत आणि एकेका गोंड्यावरून दोन्ही तळहात हलके फिरवत जात. एका फुलाची धूळ दुसऱ्याला लागावी म्हणून. हे असं हाताने करतात हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण मजुरांना लावून, तेही मोठ्या कंपनीच्या प्लॉटवर. इथे एक म्हातारा माणूस महिनाभर रोज दोन तास वाकून हजारो गोंडे कुरवाळत होता, का, तर माझ्या माश्यांना फुकट खायला मिळू नये. दुपारी त्यांची कंबर धरलेली असायची आणि तळहात पिवळसर. एकदा मी जाळीबाहेर उभा राहून बराच वेळ बघत राहिलो. मला त्यांचा राग येईना, आणि राग येत नाही याचाच मला राग आला.

मार्चअखेर बी निघालं. तात्यांच्या गोंड्यांतून काळंभोर बी पोत्याने सांडलं. मालकांचं सुपात घेऊन पाखडलं तर निम्मं उडूनच गेलं. उरलं ते एका पत्र्याच्या डब्यात मावलं. मी त्या दिवसांत जरा जास्तच वेळा त्यांच्या ओट्यावरून गेलो असेन. तात्यांनी काकूंची आठवण म्हणून त्या वर्षी स्वतः डझनभर घरांत बी वाटलं. पुढच्या वर्षीही कालव्याच्या दोन्ही बाजूंना गोंडे आले, मी पेट्या त्याच जागी ठेवल्या, मालकांनी तीच मच्छरदाणी पुन्हा ताणली, आणि लोकांनी आता थांबून बघणं सोडून दिलं.

त्या एप्रिलमध्ये कांदे काढायला सुरुवात झाली तेव्हा तात्यांनी मला शेतावर बोलावलं. वाटून दिलेल्या त्या बियाचे हे पहिले कांदे. ते ढिगापाशी उभे होते. ढिगात तांबूस कांदा होता, पांढरट होता, फिक्कट गुलाबी होता, चपटा होता, जोडकांदा होता.

“ह्ये काकूचं न्हाई,” तात्या म्हणाले. “ह्ये कोनाचं हाय?”

ते माझं होतं. तात्यांचं वाक्य संपायच्या आत मला कळलं होतं. वीस पेट्या इकडे, वीस पेट्या कालव्यापलीकडे पांढऱ्या कांद्यात, आणि मधल्या दोनशे पावलांत माझ्या कष्टाळू माश्या दिवसभर पांढऱ्याची धूळ तांबड्याला लावत होत्या. बी धरायचं तर दोन वाणांत किलोमीटरभराचं अंतर हवं, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. त्या प्रश्नाला मला पूर्ण मार्क होते. डझनभर घरांत तीच खिचडी निघाली, आणि दुसऱ्या वर्षीचं बीही तसंच भेसळीचं पोत्यांत भरून तयार होतं. तात्या मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मालकांच्या वाफ्यांत मात्र तो पत्र्याचा डबा उगवला होता. एकेक कांदा एका साच्यातला, गोल, तांबूस, बारीक मानेचा. मी त्यांना विचारलं, तुम्हाला हे ठाऊक होतं का? काय, म्हणाले. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

“ते मला काय ठाव न्हाई. तुझ्या माश्यांला फुकाट चारायचं नव्हतं, येवढंच.”

आणि ते खरं होतं. त्यांनी निदान शहाणपणाने तरी केलं असतं तर मला जरा सोपं गेलं असतं.

आता काकूंचं बी या जगात एकाच ठिकाणी उरलं होतं, मालकांच्या चाळीत. पावसाळा लांबला, हवा दमट. चाळीखालून सडक्या कांद्याचं पाणी ठिबकताना मी स्वतः पाहिलं. ढीग निम्म्यावर आला होता. मी जाऊन सांगितलं, मालक, थोडे निवडक कांदे तात्यांना लावायला द्या. तुमच्याकडे एखाद्या वर्षी सगळं सडलं तर त्यांच्याकडून परत येईल. त्यांच्याकडचं गेलं तर तुमच्याकडून. मालकांनी विचारलं, यात तात्याचं काय? तात्यांचं शेत पुन्हा जागेवर येईल, म्हटलं. आणि तुझं? माझ्या डोक्यावरचं ओझं उतरेल, म्हटलं. ते उठून आत गेले. तात्या स्वतः येऊन गेले. निघेल त्यातलं अर्धं बी परत देतो म्हणाले, ट्रॅक्टर देतो म्हणाले. मालकांना फक्त एवढंच ऐकू आलं की उरलेलं अर्धं तात्यांना मिळणार. पेट्या मी त्या वर्षी कालव्याच्या आसपासही आणणार नव्हतो, तेही सांगून झालं. रोज ठिबकणारं ते पाणी मला झोपू देत नव्हतं.

दिवाळीला दहाएक दिवस होते. सकाळी मालक माझ्या दारात आले. मफलर काढून पुन्हा गुंडाळला.

“उद्या मी नगरला चाललोय. सांजंपत्तूर येत न्हाई.”

मी बरं म्हणालो.

“चाळीला कुलूप न्हाई.”

मी म्हटलं, “मालक, तुम्ही कांदे देताय का?”

“मी कशापायी दिऊ? मी कुनाला काय देत न्हाई.” मग भिंतीकडे बघत म्हणाले, “चोरी झाली तर मानूस काय करनार? चोरी हुती.”

दुसऱ्या दिवशी दुपारी लख्ख उन्हात मी आणि तात्या क्रेट घेऊन चोरी करायला गेलो. तात्यांनी आयुष्यात कधी चोरी केली नव्हती, त्यामुळे ते दर चार पावलांनी खाकरत होते. चाळीच्या दाराशी दोन मोठ्या टोपल्या भरून ठेवलेल्या होत्या. गोल, बारीक मानेचे, तांबूस. दाबून पाहिले, घट्ट. प्रत्येक कांद्याचा शेंडा विळ्याने कापलेला आणि आत एकच डोळा. चार-आठ दिवस एकट्याने बसून निवडल्याशिवाय अशा टोपल्या भरत नाहीत. त्यांनी स्वतःसाठी ठेवलेली तिसरी टोपली मागे होती. त्यातला माल यापेक्षा हलका होता. तात्या टोपलीपाशी उकिडवे बसले आणि उपरण्याने डोळे पुसायला लागले. मीही रडलो. मग आम्ही क्रेट भरले आणि चोरासारखे निघालो.

संध्याकाळी मालक आले, चाळीत गेले आणि बाहेर येऊन त्यांनी सगळी वस्ती डोक्यावर घेतली. आपल्याला लुटलं, घरातल्याच माणसाने लुटलं, शिकलेला चोर फार वाईट. आठ दिवस ते पारावर हेच सांगत होते, आणि सांगताना इतके टवटवीत दिसत होते की लोकांना वाटलं काकू गेल्यानंतर म्हातारा पहिल्यांदा माणसांत आला. मीही सुखात होतो. तात्यांच्या रानात, बाकीच्या वाफ्यांपासून चांगलं लांब, काकूंचा कांदा लागला होता.

नवव्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. “चोराला मी घरात ठेवत न्हाई. म्हैना भरला की खोली मोकळी कर.”

मी हसलो. ते हसले नाहीत. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की त्यांनी मला ओळखलं होतं. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं, मी सुखात होतो, आणि हे असं सोडून देणं त्यांना शक्य नव्हतं. त्यांचे दोन टोपल्या कांदे गेले, माझी कालव्याकाठची खोली जाणार. दोघांनाही तोटा. आमच्या साडेतीन वर्षांतला हा एकच व्यवहार त्यांनी पुरा केला. मी भांडलो नाही.

टेम्पो आला त्या दिवशी ते ओट्यावर उभे होते. मी सामान काढत होतो. खाट तेवढी उरली तेव्हा त्यांनी विचारलं, “नवी खोली कशी घावली?”

खोली चांगली होती. राहुरीत, मोकळी, दोन खिडक्यांची.

“अंधारी आहे, मालक,” मी म्हटलं. “नळ खालच्या मजल्यावर. पाणी चढवावं लागेल.”

ते कितीतरी वेळ मान डोलावत राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू निवळत गेला. मग ओट्यावरून खाली उतरले, माझ्या लोखंडी खाटेचं एक टोक त्यांनी दोन्ही हातांनी उचललं आणि मला दुसरं धरायची खूण केली.

“बेतानं,” ते म्हणाले. “चौकट माझी हाय.”